एकशे अठ्ठ्याहत्तर

६ मार्च १९११, सोमवार

१५२. परत १५२! प्रोफेसर लिंडेमुट यांच्या पुस्तकात या पदार्थाचा द्रवणांक १७८ अंश आहे आणि पुस्तक त्यांचं असल्यामुळे चूक पदार्थाचीच. "रोइटरबाई, माल अशुद्ध आहे. पुन्हा स्फटिक करा." सातव्यांदा ऐकलं. दर वेळी धुण्यात थोडा पदार्थ जातो. चाळीस ग्रॅम होता, आता नऊ उरलाय. आकडा जुळला नाही तर पदवी नाही. असंच चाललं तर शेवटी अतिशय शुद्ध अशी रिकामी बाटली त्यांच्या हातात ठेवीन.

९ मार्च

१५२. सात ग्रॅम.

१३ मार्च, सोमवार

माइन्झच्या एका औषध कारखान्याचं पत्र आलंय. माझ्या या पदार्थाची त्यांना डोकेदुखीची पूड करायची आहे. तो किती उष्णता सोसतो, असं विचारतात. (डोकेदुखी माझ्याकडे तयारच आहे.) प्रोफेसर म्हणाले, "१७८ कळवू. आधी बाईंनी तो आणून दाखवावा." माझी तोंडी परीक्षा ५ एप्रिलला ठरली. म्हणजे आकड्याला तीन आठवडे.

१५ मार्च

आज गंमत झाली, म्हणजे नुकसान झालं. ओल लागू नये म्हणून पूड भरलेल्या काचेच्या नळीचं तोंड बंद केलं होतं. नळी ज्यात बुडवून तापवतात ते तेल १४० वर आलं, तेवढ्यात भूक लागली. ज्योत बारीक करून सॉसेज-पाव खात बसले. प्रयोगशाळेतला म्हातारा शिपाई ग्रुबर त्याच्या गुडघ्याची हकिगत सांगत होता आणि ती हकिगत लांब आहे. अर्ध्या तासाने पाहते तो पूड तपकिरी झालेली, फसफसतेय — आणि फट्! नळी फुटली, थर्मामीटरचे दोन तुकडे.

म्हणजे हा वितळत नाहीच. आतल्या आत मोडतो आणि वायू सोडतो, तोही १४० लाच, वेळ दिला तर! धावत जाऊन प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या प्रयोगशाळेत पदार्थ वितळतात." थर्मामीटरबद्दल मात्र त्यांना मनापासून वाईट वाटलं.

१८ मार्च

ग्रुबरला विचारलं, साहेबांना १७८ आला तरी कसा? तो हसला. "अहो बाई, साहेबांच्या घरी बाराला सूप वाढतात. साहेब कधी बारीक आच लावून थांबलेत का?"

आणि डोक्यात प्रकाश पडला. इथे सगळे आधी पुस्तक उघडतात. १७८ दिसला की भडक ज्योतीवर तेल थेट १७० पर्यंत नेतात, मग नळी आत सोडतात. बिचाऱ्या पदार्थाला मोडायला सवडच मिळत नाही; तो १७८ च्या आसपास एकदम फेसाळतो आणि त्यालाच हे वितळणं म्हणतात. तीस वर्षं प्रत्येकाला १७८ येतो, कारण प्रत्येक जण १७८ जवळ जाऊनच मोजायला लागतो! मी सुरुवातीपासून हळू तापवत होते. माझा अपराध एवढाच.

२० मार्च, सोमवार

भडक ज्योत. १७० ला नळी आत. १७८. दोन ग्रॅम शिल्लक असताना!

प्रोफेसरांनी सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावून दाखवलं. "पाहा, शुद्धता! चिकाटी!" माझा हात दोन्ही हातांत धरला. लाज वाटली. मग माइन्झचं पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं: "१७८. आमच्याकडे पुन्हा पडताळला आहे." अक्षर माझं चांगलं आहे म्हणे. घरी जाऊन प्लमच्या केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले.

२९ मार्च

परीक्षेचा काळा पोशाख आला. कमरेत घट्ट. केक.

४ एप्रिल, मंगळवार

उद्या नऊला परीक्षा. सकाळी माइन्झचं उत्तर आलं, फार आभार मानलेत. वाळवायची नवी भट्टी बांधली आहे, धूळ जाऊ नये म्हणून चांगली बंदिस्त. "आपल्या आकड्याच्या पुष्कळ खाली, १४० वरच ठेवू, म्हणजे काळजी नको." शंभर किलोचा पहिला घाणा उद्या सकाळी सातला. माल आत-बाहेर करायला सहा बायका कामाला ठेवल्या आहेत.

पत्र घेऊन प्रोफेसरांकडे गेले. नळीचं पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "त्यांची भट्टी ते बघतील. तुम्ही उद्याचं बघा. उद्या मीच विचारणार आहे, बाई."

जेवण गेलं नाही.

४ एप्रिल, संध्याकाळ

तार केली: "भट्टी पेटवू नका. पदार्थ १४० ला फुटतो. १७८ चुकीचा, मीच मोजला. लिओनी रोइटर." तारमास्तर म्हणाला, "लांबलीय. 'मीच मोजला' काढलं तरी चालेल की." मी राहू दिलं.