दीड मिलिमीटर

आई, तुझ्या सायकलच्या ब्रेकबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले होते. तू गेलीस त्याला आता नऊ वर्षं होतील, म्हणजे हे सांगून कुणाचं काही बिघडणार नाही आणि सुधारणारही नाही. तरी क्रमाने लिहिते. क्रम सोडला की मी स्वतःला सवलत द्यायला लागते, हे मला माहीत आहे.

डिप्लोमाची शेवटची परीक्षा झाली होती, नोकरीचं काही ठरलं नव्हतं, आणि मी रोज भोरहून कापूरहोळला मिस्त्रींच्या गॅरेजात जाऊन बसत होते. बाबांच्या ओळखीचे, वयाने बाबांपेक्षा मोठे, हायवेवरच्या ट्रकांपासून शिलाई मशीनपर्यंत काहीही दुरुस्त करणारे. मला ते ‘इंजिनेरबाई’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते शेवटपर्यंत कळू द्यायचे नाहीत. पानशेतकडच्या कुठल्याशा बंगल्यातून त्यांच्याकडे भंगार आलं, त्यात ती फ्रेम होती. परदेशी, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, जुनी पोलादी. वर आडवा दांडा नाही. त्याऐवजी दोन बारीक नळ्या हँडलपासून तिरक्या उतरत थेट मागच्या चाकापर्यंत गेलेल्या. म्हणजे साडी नेसून बसता येईल अशी. हिरवा रंग उडालेला, पण एकही सांधा हललेला नव्हता. मी ती एका हाताने उचलली आणि तिथल्या तिथे ठरवलं की ही तुझी.

तू तेव्हा वेल्ह्याकडच्या उपकेंद्रात नर्स होतीस. सोमवार ते शनिवार तिथल्या खोलीत, रविवारी भोरला घरी. सात वाड्या तुझ्याकडे, त्यातली एक खिंडीपलीकडे, आणि एसटी थांबते तिथून पुढे सगळं पायी, खांद्याला लसीचा बर्फाचा डबा लावून. सायकल करते म्हटल्यावर तू हसली नाहीस की नको म्हणाली नाहीस. एवढंच विचारलंस, “टायर हितं मिळंल का? का पंक्चर झाली की मी पुण्याला जाऊ?” प्रश्न बरोबर होता. त्या फ्रेमच्या मापाचं चाक आपल्याकडे मिळत नव्हतं, म्हणून मी साध्या सायकलची मोठी चाकं बसवली. पेडल एका सायकलचं, चेन दुसरीची, पुढच्या चिमट्यातल्या बेअरिंगच्या गोळ्या तिसरीच्या. मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी. डब्याच्या मापाचं कॅरिअर मिस्त्रींनी वेल्डिंग करून दिलं. सगळं बसलं. ब्रेक बसले नाहीत.

चाक मोठं, म्हणून रिम वर आलेली. ब्रेकचे मूळचे दोन हात रिमला दोन्ही बाजूंनी आवळायचे, पण त्यांची रबरं आता रिमच्या खाली, तारांवर टेकत होती. रबर ज्या खाचेत सरकतं ती खाच सहा मिलिमीटर वर वाढवली तर काम होणार होतं. मी भंगारातल्या तशाच एका जादा हातावर आधी करून पाहिलं, मग कानस घेऊन चारही हात घासले. वरच्या बाजूला तो हात अरुंद होत जातो. खाचेच्या दोन्ही कडांना दीड-दीड मिलिमीटर धातू उरला. मिस्त्री मागे उभे राहून बघत होते.

“लई घासू नको. गेलेला धातू परत येत न्हाई.”

“हिशेब केलाय मी.”

“कडेला किती ठेवलंस?”

“दीड मिलिमीटर.”

“म्हंजी नखाएवढं.” त्यांनी बिडी पेटवली. “हिशेबानं गाडी थांबत असती तर म्या हितं हात काळे करून घेतले नसते, इंजिनेरबाई.”

मी कानस चालवतच राहिले. चौथी पास माणसाने मला मापं शिकवावीत, हे मला मान्य नव्हतं. हिशेब खरंच केला होता, वहीत, तुझं वजन धरून. डब्याचं वजन धरलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे तो एकदाच ब्रेक दाबल्याचा हिशेब होता. खिंडीच्या उतारावर माणूस शंभर वेळा दाबतं. धातू एका झटक्यात तुटत नाही, थकत जातो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

सायकल मी एसटीच्या टपावर टाकून तुझ्याकडे आणली. तू अंगणात एक फेरी मारलीस, उतरलीस, पदर सारखा केलास. “उतारावर धरतील ना ब्रेक?” “धरतील,” मी म्हटलं. तू पुन्हा विचारलं नाहीस. तुझं तसंच असायचं. एकदा विश्वास टाकला की त्या जागी परत हात लावून बघायची नाहीस. मी दहा वर्षांची असताना सुट्टीत तुझ्याकडे येऊन तुझा लसीचा डबा उघडून बर्फ खाल्ला होता आणि बोलले नव्हते, तेव्हा तू सगळी लस टाकून दिलीस आणि नवी आणायला वेल्ह्याला चालत गेलीस. परत आल्यावर मारलं नाहीस. म्हणालीस, “उघडलास ते चाललं असतं. सांगितलं न्हाईस, ते न्हाई चालणार.” त्यानंतर तू मला कधी काही तपासून विचारलं नाहीस. मी तेवढ्यात शिकले, असं तू धरून चाललीस.

बाराव्या दिवशी सकाळी गॅरेजात गेले तर मिस्त्री ब्रेकचा तो पहिला, सरावाचा हात टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळून उभे. मी बघत असताना त्यांनी पान्याने तो थोडा वाकवला, सोडला, परत वाकवला. मी मोजत होते. एकोणिसाव्या वेळी खाचेची कड सुटली. आवाज अगदी लहान होता.

“म्या जोर लावला न्हाई,” ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. “आई कुठं हाय आज?”

मंगळवार होता. मंगळवारी तू खिंडीपलीकडच्या वाडीत लस द्यायला जायचीस, दुपारी परत. चढ सायकल हातात धरून, उतार तिच्यावर बसून.

नसरापूरपर्यंत मी एका टेम्पोत गेले. तिथे वेल्ह्याची गाडी लागलेली होती, पण कंडक्टर चहा पीत होता. मी खिडकीशी बसून आकडे मांडत होते: बारा दिवस, त्यात दोन मंगळवार, एका उतारावर इतकी वळणं, एका वळणाला इतक्यांदा ब्रेक. कितीही वेळा मांडलं तरी आकडा एकोणिसाच्या कितीतरी पुढे जायचा. व्हाइसमध्ये ब्रेकचा हात जास्त वाकतो, चाकावर कमी, हे मला कळत होतं, पण किती कमी ते माहीत नव्हतं. उपकेंद्रात पोचले तेव्हा तुमच्या मदतनीस मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. “बाई व्हय? त्या सकाळीच गेल्या की. आता येतीलच, सायकल हाय ना आता.” मी पाणीसुद्धा न घेता खिंडीकडे निघाले.

अर्ध्या चढावर तू दिसलीस. वरच्या वळणावरून येतेस, पांढरी साडी, मागे डबा, दोन्ही हात ब्रेकवर. रस्त्यावर सुटी खडी आहे. डाव्या हाताला दरी आहे आणि तिथे कठडा नाही. मी ओरडत नाही, कारण ओरडले तर तू जोरात ब्रेक दाबशील. मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी आहे. तू मला ओळखतेस, वेग कमी करतेस, आणखी कमी करतेस, आणि माझ्यासमोर येऊन थांबतेस.

“काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत.”

“मग एवढ्या उन्हाची कशाला आलीस?”

मी आधी ब्रेककडे पाहिलं, तुझ्याकडे नंतर. पुढच्या ब्रेकच्या डाव्या हातावर, खाचेच्या कडेला, केसाएवढी रेघ उमटली होती. मी त्यावर तळवा ठेवला, जणू सायकल धरायलाच.

“रबरं झिजतील म्हणून,” मी म्हटलं. “जास्त चांगले ब्रेक मिळालेत. ते लावते.”

“हे धरतात की चांगले.”

“ते आणखी चांगले धरतील.”

तू डबा खांद्याला घेतलास, मी सायकल हातात धरली आणि आपण दोघी खाली चालत आलो. तू वाडीतल्या एका जुळ्यांबद्दल सांगत होतीस. माझा तळवा सगळी वाट त्या ब्रेकवर होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी साध्या सायकलचे जड, बेढब पोलादी ब्रेक काढून दिले. त्यांनी विचारलं, “आईला सांगितलंस?” मी “हो” म्हटलं. ते पाने आवरायला लागले.

आता मी चाकणच्या एका कारखान्यात तपासणीत आहे. माझ्या सहीशिवाय माल पुढे जात नाही. लोक मला खडूस म्हणतात आणि मी ते खोडत नाही.

ती सायकल तू आजारी पडेपर्यंत चालवलीस. आणि जो येईल त्याला सांगायचीस: माझी लेक नुसत्या ब्रेकच्या रबरासाठी कापूरहोळहून उन्हाची खिंडीपर्यंत आली, एवढा जीव. बाबा अजून सांगतात, तुझ्याच शब्दांत. हे पत्र त्यांना दाखवावं असं दोनदा वाटलं. दाखवणार नाही.

तू ते सांगायचीस तेव्हा मी खाली बघायचे, आणि सगळ्यांना वाटायचं मी लाजते. मलाही बरेच दिवस वाटत होतं की मला ते सहन होत नाही. तसं नव्हतं. शेवटच्या वर्षी तुझ्या दवाखान्यातल्या मैत्रिणी भेटायला आल्या, तू थकलेली होतीस, इकडचं तिकडचं बोललीस आणि ते सांगायचं विसरलीस. तेव्हा तुझ्या उशाशी बसून मीच म्हणाले, “आई, ते ब्रेकचं सांग की यांना.”