दादाच्या नावाची बाटली

ता. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की नेमकं तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, म्हणून पत्र. बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले तेव्हा साठीचेही नव्हते. तू पंचावन्नचा झालास. आमच्या लॅबचे डॉक्टर म्हणाले, घरात असं दुखणं होऊन गेलं असेल तर सरळ दुर्बिणीने आतडं तपासावं. आत गाठ दिसली तर बहुतेकदा तिथल्या तिथे काढताही येते. तू काही तयार होणार नाहीस, म्हणून निदान शौचाच्या तपासणीची बाटली पाठवतेय. काडीने थोडासा नमुना घालायचा आणि बाटली मला लॅबवर पाठवायची, झालं. डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्यात कळतं. पण गाठीतून रोज रक्त येतंच असं नाही. तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणजे सुटलो, असं समजू नकोस.

लोकांच्या तुंबलेल्या गटारात कॅमेरा सोडणारा प्लंबर स्वतःची वेळ आली की एवढा घाबरतो, कमाल आहे. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी

ता. १२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बाटली आजच कुरियरने रवाना केली. आता तरी माझ्यामागचा ससेमिरा सोड. आणि गटाराचं म्हणशील तर गटाराला लाज नसते, मला आहे. तुझी वहिनी ठणठणीत आहे, तुझीच बाजू घेऊन माझं डोकं खाते. तब्येतीला जप, आमची आठवण ठेव.

तुझा दादा

ता. १९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोनदा फोन केला, दोन्ही वेळा कापलास. तुझ्या नमुन्यात रक्त सापडलं. मूळव्याधीनेही येतं, आणि बहुतेकांना कॅन्सर निघत नाही. पण आता दुर्बिणीला पर्याय नाही. दुसरी बाटली मागू नकोस. ती चांगली आली तरी पहिली खोटी ठरत नाही. २८ तारखेची वेळ घेऊन ठेवलीय, मी रजा काढून येते.

रिपोर्टवर तुझं नाव वाचलं आणि तशीच उठून ही वेळ घ्यायला गेले, दादा. एकदा तरी माझं ऐक.

तुझी धाकटी

ता. २२ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

तुला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. ती बाटली माझी नव्हती. धाकट्या बहिणीने माझा नमुना हातात घ्यायचा, या विचारानेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्या वहिनीने भरून दिली, मी माझं नाव घालून पाठवली. गंमत वाटली होती.

रिपोर्ट तिला सांगितला तर नुसतं बरं म्हणाली आणि भाजी निवडत बसली. मला तिच्याकडे बघवत नाही. २८ची वेळ तिच्या नावावर करून घे. शिव्या मला दे, पण तिला वाचव.

दादा

ता. २ मे

चि. धाकटीस,
वहिनीचे अ. आ.

टाके सुकले. गाठ कॅन्सरचीच होती, पण आतड्याच्या भिंतीबाहेर गेली नव्हती. ऑपरेशनात पूर्ण निघाली. आता ठरल्या वेळी तपासण्या करायच्या, एवढंच. तू रात्रंदिवस उशाशी बसलीस, ते मी विसरायची नाही.

आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले होते, की त्यांच्या लाजण्यामुळे मी वाचले. तुला खरं सांगते. ती बाटली मीच त्यांच्याकडून मागून घेतली. चार महिने मला अधूनमधून रक्त दिसत होतं. बोलले तर खरं होईल, अशी भीती वाटायची. त्यांच्या नावाने चांगलं निघालं असतं तर कुणाला काही कळलंच नसतं. वाईट निघालं, आणि त्यांनी कबूल केलं. ते गप्प राहिले असते तर मी बोलले असते का, हे मला आजही सांगता येत नाही.

काल हे सगळं त्यांना सांगितलं. वाटलं, आता भडकणार. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, यापुढे ज्याचं दुखणं त्याच्या नावाने. लगेच दवाखान्यात फोन लावून त्यांनी दुर्बिणीची वेळ मागितली, आणि कुणासाठी म्हणून विचारल्यावर स्वतःचं नाव सांगितलं.

माया आहे तशीच असू दे.

तुझी वहिनी