उघडती टाइल

३ डिसेंबर

झाला बट्ट्याबोळ!

रोह्याच्या अनिताताईंचं बाथरूम आज संपलं. त्यांचे मिस्टर सुशीलराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "एक पाइप दिसता कामा नये." ताई म्हणाल्या, "झाका, पण पाण्याच्या कॉकपुढची एक टाइल उघडती ठेवा. आधीच्या घरात गळती शोधायला अख्खी भिंत फोडली होती." म्हणून ती टाइल चुंबकावर बसवली. तिच्या कडेची फट तेवढी मोकळी सोडायची होती. आणि मी काय केलं? बाकीच्या फटींबरोबर तीही एपॉक्सीच्या लांबीने भरली! वर बोट फिरवून गुळगुळीत केली. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात सोळा वर्षं मूर्तींचे सांधे असेच बुजवले ना — सांधा दिसला की हात आपोआप जातो. पेणच्या एस्टीत बसल्यावर आठवलं. तोवर एपॉक्सीचा पार दगड झाला असणार.

४ डिसेंबर

सांगायलाच गेलो होतो. देवाशपथ! तर दारातच सुशीलराव — "जितेश, उघडती टाइल कुठली ते शोधून सापडत नाय! कमाल केलीस. माझा भाऊ पेणला रामवाडीत बंगला बांधतोय. तीन बाथरूम. तुलाच देणार." ताईंनी विचारलं, "उघडायची कशी?" माझ्या तोंडातून गेलं, "नवीन हाय, घट्ट असते. महिनाभर हात लावू नका."

काय गरज होती? गाढव कुठला!

९ डिसेंबर

बायकोला, मालूला सांगितलं. म्हणते, "जा नि सांगून मोकळा हो. खातील काय तुला?"

खाणार नाहीत गो बाई. पण रामवाडी जाईल. कारखाना सोडल्यापासून पहिलंच मोठं काम.

१५ डिसेंबर

फोन वाजला की आधी नाव बघतो, मगच उचलतो.

२१ डिसेंबर

ताईंचे तीन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. भेकड मी.

२२ डिसेंबर

गेलो. कॉकपाशी गळत होतं, पलीकडच्या खोलीची भिंत ओली. ताईंनी सुरी घालून बघितली, टाइल हलेना. मला फोन लावले, मी उचलेना. शेवटी त्यांनीच हातोडी घेतली. नेमकी कुठली तेच कळेना — पाच फोडल्या तेव्हा कॉक सापडला.

सुशीलराव माझ्यादेखत ताईंवर खेकसत होते, "महिनाभर थांब म्हणालेला ना तो? नव्या भिंतीचं वाटोळं केलंस!" ताईंची मान खाली. मला म्हणतात, "माफ करा हां भाऊ. तुमचं काम एवढं छान होतं. माझीच घाई नडली."

आणि मी? "असू दे ताई, होतं असं."

असू दे! जीभ कशी झडली नाही माझी! त्यांनी केलेला चहासुद्धा प्यायलो. पाच टाइल नव्या लावल्या, या खेपेला फट सोडली. आता सांगायचं तर तेव्हा का नाही, ते पण सांगावं लागणार. रोज थोडा आणखी अडकतोय.

५ जानेवारी

उद्या रामवाडीचं काम सुरू. सुशीलरावांचा फोन — "आता हिला घरात कशालाच हात लावू देत नाय मी. साधा बल्ब बदलायचा तरी मला विचारते." हसत होते. मी पण हसलो. जेवण गेलं नाही.

६ जानेवारी

सांगितलं. दोघांसमोर. सुशीलराव वाट्टेल ते बोलले, रामवाडी गेली.  मी चपला घालताना ताई म्हणाल्या, "पंधरा दिवस स्वतःच्याच हातांना शिव्या घालतेय मी, भाऊ."