डोंगरी पुदिन्याचे दोन भारे

मी, तेओदोरा चांपी, फोर्तुनातो माय्ताची विधवा, वय एकाहत्तर, राहणार वाय्यापंपा. पाय गेलेत, डोकं जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. लिहून घेणारे एवारिस्तो मास्तर. मी बोलेन तसंच उतरवायचं, असं त्यांना बजावलं आहे.

कलम एक. घर, मागचं बटाट्याचं कोठार आणि वरची दोन शेतं नवऱ्याचा पुतण्या साबिनो याला द्यावीत. तो लिमाला असतो, आठ वर्षांत इकडे फिरकलेला नाही. तरी त्यालाच.

कलम दोन. चुलीजवळचे गिनीपिग आणि लोकरीची घोंगडी, माझी कबर जो खोदेल त्याला.

कलम तीन. कोठारालगतचा मुन्याचा, म्हणजे डोंगरी पुदिन्याचा ताटवा. तो मी सोळाव्या वर्षी कड्यावरून मुळासकट आणून माहेरी लावला, लग्नानंतर इकडे हलवला. साबिनोने उपटू नये. फांद्या कापाव्यात, मूळ राखावं, दरसाल पुन्हा फुटतो. खायच्या बटाट्यांत त्याचे थर द्यावेत, कीड लागत नाही, कोंब येत नाहीत. बियाण्यात मात्र अगदी बेताने. जास्त झाला तर बियाणं रुजतच नाही.

हे मला ठाऊक होतं. धाकट्या बहिणीला, बासिलियाला, नव्हतं. आई लवकर गेली, तिला सगळं मीच शिकवत होते.

फोर्तुनातोने आधी तिला घरी नेलं होतं, मला नाही. आमच्यात लग्नाआधी वर्षभर नांदून बघतात, नाही जमलं तर मुलगी परत. बियाणं राखायचं काम गळ्यात पडलं तशी ती धावत माझ्याकडे आली. "ताई, पुदिना किती घालू गं?"

"भरपूर घाल. हात आखडू नकोस, सासू बघतेय." दोन भारे मीच तिच्या पाठीवर बांधले.

शेत उघडं राहिलं. सासू म्हणाली, हिच्या हाताला बरकत नाही. वर्ष भरायच्या आत तिला परत धाडलं. पुढच्या साली मला नेलं.

सरीत बी टाकणं बायकांचं काम. बासिलियाने पन्नास वर्षांत टाकलेलं नाही, ती नुसतं शेणखत वाहते. "माझा हातच वाईट गं ताई," म्हणते. एकदा तिला खरं सांगावं असं मनात आलं होतं. त्याच हिवाळ्यात फोर्तुनातो गेला, आणि जाताना त्याने हाक मारली ती बासिलियाला. मग नाही सांगितलं.

दोन वर्षं माझं हगणंमुतणं तीच काढते. घर आपल्याला मिळेल अशी तिची समजूत आहे. साक्षीला तीच हवी, म्हटल्यावर मास्तर चिडले.

"बाई, निदान तिला वाचून तरी दाखवू द्या."

"मी मेल्यावर दाखवा. पेरणीच्या दिवशी, सगळ्या गावासमोर."

ती आत माझ्यासाठी पुदिन्याचा काढा उकळते आहे. आली की कागद पुढे करावा.

वाय्यापंपा, १४ ऑगस्ट १९७४.

तेओदोरा चांपी (सही)

साक्षीदार: एवारिस्तो ओल्यार्ते, निवृत्त शिक्षक (सही)

साक्षीदार: बासिलिया चांपी (अंगठा, वाचता येत नाही)

लिहून घेणाऱ्याची नोंद: अंगठा उमटवण्यापूर्वी साक्षीदाराने विचारले, "माझा हात वाईट आहे मास्तर, ताईच्या कागदाला काही होणार नाही ना?"