टेकडी क्रमांक एकेचाळीस

हँडलचा तिसरा फेरा पुरा होतो न होतो तोच पहारेकऱ्याने माझं मनगट धरलं. वन्सं, नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करायला हवी होती, पण माझं मनगट अजून ठणकतंय, तेव्हा गुडघ्यांनी जरा थांबावं. थोरल्या नणंदेला पत्र लिहिताना असं एकदम अंगावर जाऊ नये हे मला कळतं. आज कळण्याचा दिवस नाही.

आपल्या जुन्या नकाशा कचेरीने प्रदर्शन भरवलंय, 'खड्यापासून संगणकापर्यंत'. मला बोलावणं नव्हतं. (तुम्हाला असेल तर सांगू नका.) मी आपली तिकीट काढून गेले. तुमची खोली आणि माझी खोली यांच्यामधली भिंत पाडून त्यांनी मोठं दालन केलंय. ज्या भिंतीपायी आपण बारा वर्षं एकमेकींशी आकड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही, ती भिंत! एकच गणित दोघींनी दोन खोल्यांत करायचं, तिसऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडायचे, जुळले तरच आकडा नकाशावर चढायचा. (तो तिसरा म्हणजे तुमचा भाऊ. पुढे तो माझ्या गळ्यात पडला, ते वेगळं.) आता तिथे भिंतीच्या जागी कुंडी आहे.

पहिल्या टेबलावर खडे. कुणा मेंढपाळाने एकेका मेंढीमागे एकेक खडा ठेवला, म्हणून त्याच्यावर केवढा फलक: 'मानवी बुद्धीची पहाट'. मग खाचा पाडलेली काठी, तारेत ओवलेले मणी, सरकपट्टी, दातेरी चाकांची पेटी. प्रत्येकाखाली प्रतिभा, झेप, क्रांती. आणि त्यापुढच्या टेबलावर माझं हँडल फिरवून आकडेमोड करायचं यंत्र. माझंच, तळहात सोलायचा म्हणून मुठीला मी चिंधी गुंडाळत असे, तिचा डाग अजून लाकडावर आहे. खाली लिहिलंय, 'हे यंत्र चालवण्यासाठी महिला मदतनीस नेमल्या जात.' मदतनीस! आपल्या नेमणुकीच्या कागदावर हुद्दा काय होता? गणक. ते कपाटाएवढं धूड येण्याआधी गणक हा माणूस होता, वन्सं. त्याला दोन हात होते आणि दुपारी भूक लागायची. मेंढपाळाने मेंढ्या मोजल्या की पहाट, आणि आपण डोंगर मोजले की मदत.

एवढं गिळून मी घरी आले असते. पण शेजारी ते धूड उभं होतं, ज्याच्यापायी आपल्याला एका सोमवारी घरी बसवलं. त्याचा फलक असा: 'या संगणकाने पहिल्याच आठवड्यात टेकडी क्रमांक एकेचाळीसच्या उंचीतली सहा मीटरची चूक पकडली. मानवी गणकांची ही चूक अकरा वर्षं नकाशावर होती.' एकेचाळीस नंबर! आपल्या पहिल्या वर्षातली! तुम्ही केलेली, मी केलेली, तुमच्या भावाने ताडून सही केलेली! (तुम्हालाही एकदा असाच झटका आला होता म्हणा. पुतण्याकडे जेवताना भिंतीवरच्या जुन्या नकाशाकडे बोट दाखवून म्हणालात, 'हा आकडा माझा नाही.' मी सगळ्यांदेखत म्हटलं, 'वन्सं, चष्मा बदला.' सगळे हसले. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात.)

तर मी काच बाजूला केली, आठवत होते ते आकडे खटक्यांवर लावले आणि हँडल फिरवू लागले. मग मनगट. मग प्रदर्शनाचा प्रमुख, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, म्हणाला, 'आजी, वस्तू जुनी आहे, हात लावू नका.' मी म्हटलं, 'तिच्याहून मी जुनी आहे. मला हात लावलेला चालतो वाटतं?' तेव्हा मनगट सुटलं. म्हणाला, पुरावा आणा, उद्याच्या उद्या फलक बदलतो. मी म्हटलं, दोन गणकांची उत्तरं आणि तपासनिसाची सही, याहून वेगळा पुरावा या इमारतीत कधी नव्हता.

घरी येऊन तुमच्या भावाला सगळं सांगितलं. ते नखं कापत होते. म्हणाले, 'जाऊ दे ना. टेकडीला काय कळतंय?' बारा वर्षं तपासनीस होता हा माणूस!

तेव्हा मागणं एवढंच. एकेचाळीस नंबरची मोजमापं माझ्या जुन्या वहीतून उतरवून सोबत पाठवतेय. तुम्ही तुमच्या खोलीत बसून गणित करा. माझं उत्तर बंद पाकिटात आहे, ते आधी फोडू नका. गुडघे कसे आहेत?

तुमची भावजय,
गणक, खोली क्रमांक दोन

ता. क. संध्याकाळ झाली. पाकिटात घालायचं उत्तर तयार असावं म्हणून मीही कागदावर गणित करून पाहिलं. तुम्ही सुरुवात करू नका. माझ्या वहीत फेऱ्यांच्या रकान्यात मी सात लिहिले आहेत, हवे होते सहा. मी हँडल एकदा जास्त फिरवलं होतं. कपाट बरोबर होतं. त्याच्यावरचा माझा राग कायम आहे.

ता. क. दुसरा. पण मग तुमचा कागद माझ्याशी जुळला कसा? दोन खोल्यांतल्या दोन बायका तोच एक फेरा जास्त कशा फिरवतील? मी तुमच्या भावासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनाही हेच विचारलं.

'जुळला नव्हता,' म्हणाले. 'त्या महिन्यात तुझे दोन कागद परत गेले होते. तिसरा गेला असता तर तुला भांडारात पाठवलं असतं. कागद मोजायला.'

'म्हणून?'

'म्हणून ताईचा आकडा खोडला. तुझ्यासारखा केला.'

'बरोबर होता तो खोडला? माझा का नाही?'

'तुला कळलं असतं. तू येऊन भांडली असतीस. ताई भांडत नाही.'

वन्सं, यानंतर मी जे बोलले ते शेजाऱ्यांनी रेडिओ बंद करून ऐकलं. इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की मला भांडारात पाठवलं असतं तर मी गेले असते, आणि तिथून हे लग्न जमलं नसतं, आणि आज मला फार बरं वाटलं असतं.

ता. क. तिसरा. गणित करू नका. सोबतचा कागद फाडून टाका. आकडा तुमचाच होता, चष्मा मी बदलायला हवा होता. त्या दिवशी जेवायला जे जे होते त्या सगळ्यांना मी पुन्हा जेवायला बोलावते आणि त्यांच्यादेखत हे बोलते. दिवस तुम्ही ठरवा. त्या दिवशी मात्र ताटावरून उठू नका.

सकाळ. पत्र टाकण्याआधी आम्ही दोघं प्रदर्शनात गेलो. दार उघडताच तुमच्या भावाने कपाटाच्या फलकाखाली पेनाने लिहिलं, 'खोली क्रमांक एकचा आकडा बरोबर होता', आणि पूर्वीसारखी सही केली, खाली हुद्द्यासकट. पहारेकऱ्याने त्यांचं मनगट धरलं. मी सोडवलं नाही.