राहून गेलेला कंस

प्रिय ढब्बू,

हे पत्र मंत्रालयातल्या तुझ्या टेबलावर उघडू नकोस. संडासात जा, कडी लाव, तिथे वाच आणि वाचून झालं की तुकडे करून पाणी सोड. हसू नकोस आणि रागावूही नकोस, आज रागावण्याचा मक्ता माझा आहे. मी रेडिओ केंद्रात जुन्या तबकड्यांच्या खोलीत बसून लिहितेय. दारात एक बंदूकवाला आमच्याच खुर्चीत पाय पसरून बसलाय. सोमवारपासून आम्हा बातम्या वाचणाऱ्यांना घरी सोडलेलं नाही. फरशी पुसायला येणारी बाई हे पत्र बादलीतल्या फडक्यात गुंडाळून बाहेर नेणार आहे. त्या बाईला तू ओळखत नाहीस, आणि ओळख काढायलाही जाऊ नकोस. कळलं?

तुला ती नोकरी लागली तेव्हा मीच सगळ्या आळीत पेढे वाटले होते रे. माहिती, संस्कृती, टपाल आणि तारा, सगळं एकाच मंत्रालयात, आणि त्यात माझा भाऊ भाषा अधिकारी! तेव्हा वाटलं, कवितांचे कार्यक्रम करशील, नाटकांना परवाने देशील. तू बसलास शब्द धुवायला. गोळीबार झाला की 'जमाव पांगवला', घर पेटवलं की 'परिसर मोकळा केला'. परदेशातल्या त्या परिषदेहून आलास तेव्हा किती खूश होतास! सांगत होतास, ताई, प्रत्येक देशात असं एक मंत्रालय असतंच, कुठे त्याला संस्कृती म्हणतात, कुठे प्रसारण, कुठे राष्ट्रीय मार्गदर्शन, आणि सगळ्यांचे गालिचे मात्र एकाच रंगाचे. जेवणाच्या टेबलावर तुम्ही एकमेकांना असे धुतलेले शब्द दिलेत म्हणे, बायका पाककृती देतात तसे. मी त्यावर पोट धरून हसले होते. आता आठवलं की माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

तर आता सोमवारचं ऐक. तुला अर्धंच माहीत आहे, आणि तेही तुझ्या साहेबांनी सांगितलेलं.

आमच्याकडे कशी पद्धत आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. बातमी छापून येते आणि शेवटच्या क्षणी मंत्रालयाचा माणूस हिरव्या शाईने सूचना लिहितो. सूचना कंसात. कंसातलं वाचायचं नाही, बाहेरचं सगळं वाचायचं. केंद्रात मला बातम्या वाचायला शिकवताना नाना म्हणायचे, पोरी, कंसाच्या तुरुंगातून काहीही बाहेर येऊ द्यायचं नाही, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसायचे. नाना आमच्यातले सगळ्यांत जुने निवेदक, त्यांची सवयच अशी होती की डोळ्यांपुढे जे येईल ते त्या भारदस्त आवाजात वाचायचं, अर्थाशी नंतर बघू. नवीन वाचणाऱ्यांनाही ते हेच सांगायचे, कारण वाचता वाचता विचार करायला लागलं की माणूस अडखळतो.

सोमवारी चौकात गोळ्या चालल्या. आम्हाला इथे खिडकीच्या काचा थरथरल्या तेव्हा कळलं. दुपारच्या बातमीपत्राचा कागद ऐनवेळी, धावतपळत आला. मी नानांच्या शेजारच्या माइकवर होते, माझी पाळी त्यांच्यानंतर. त्यांनी वाचलं, चौकातला जमाव शांततेने पांगवण्यात आला. आणि त्याच दमात, त्याच आवाजात पुढचं वाक्य वाचलं, मृतांचा आकडा सांगू नये.

ढब्बू, कागदावर कंस नव्हता. हिरव्या शाईतलं ते वाक्य बातमीला चिकटून बसलं होतं. घाईत राहून गेला तो. मला आधी हसू फुटलं, खरंच सांगते, माइक बंद करून मी तोंडावर पदर दाबला. नानांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हवामान वाचायला घेतलं.

तोवर त्या वाक्याने गावभर आग लागली होती. भाजीवाल्यांपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळे ते एकच वाक्य ओरडत रस्त्यावर उतरले. आकडा सांगू नये! म्हणजे आकडा आहे! लोक आमच्या फाटकाशी आले तेव्हा वरच्या गच्चीतून बंदुका सुटल्या. मी जिन्याच्या खिडकीतून बघितलं. एक बाई पडलेल्या नवऱ्याचा हात धरून ओढत होती, आणि हात खांद्यापासून सुटल्यासारखा लोंबत होता. तिलाही गोळी लागली. ती त्याच्या अंगावर पडली आणि लोक दोघांना तुडवत पळाले. चपलांचा नुसता खच पडला होता. पाण्याचा बंब आणून रस्ता धुतला तेव्हा त्या चपला रक्तातून वाहत गटारापर्यंत गेल्या.

मग ते स्टुडिओत आले. चार सैनिक आणि तुमचे उपसचिव, तेच, गोड बोलणारे, ज्यांनी तुझ्या लग्नात आईच्या पाया पडून आशीर्वाद घेतला होता. त्यांना एकच हवं होतं, तो कागद. कुणी लिहिलं ते अक्षरावरून लगेच कळलं असतं. नानांच्या हातात कागद होता. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. आणि त्या माणसाने कागदाचा बोळा करून तोंडात कोंबला!

बंदुकीचा दस्ता पहिल्यांदा जबड्यावर बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला, स्टुडिओत तर टाचणी पडलेलीही ऐकू येते. त्यांचे दात टेबलावर सांडले. एकाने नाक दाबून धरलं, दुसऱ्याने तोंडात बोटं घातली, नानांनी ती चावली म्हणून त्याने माइकचा लोखंडी दांडा उचलून डोक्यात घातला. मी ओरडत होते, मला केसांना धरून भिंतीशी दाबलं होतं. नाना गिळत होते रे. रक्त आणि कागद, दोन्ही. गिळून झाल्यावर त्यांनी तोंड उघडून दाखवलं, औषध घेतल्यावर लहान मूल दाखवतं तसं. मग मोडक्या जबड्याने म्हणाले, चूक माझीच, कागदावर तसं काही नव्हतं. त्यानंतर सैनिकांनी नानांना किती मारलं हे मी लिहू शकत नाही. माझ्या साडीच्या काठावर अजून त्यांचं रक्त वाळलेलं आहे.

आता तुला कळलंच असेल. अक्षर तुझं होतं, ढब्बू. तो तुझा फुगलेला 'ड', बघताक्षणी ओळखला मी. नानांनी तर तीन वर्षं रोज वाचलं होतं तुझं अक्षर. तुझी जीभ अडखळायची तेव्हा त्यांनीच तुला ओसरीवर बसवून मोठ्याने वाचायला शिकवलं होतं, आठवतं ना? तुला ते मुलासारखं मानायचे म्हणून त्यांनी हे केलं. तुझ्या साहेबांना वाटतंय की म्हातारा शत्रूला फितूर होता. तुलाही तसंच सांगितलं असणार, आणि तूही मान डोलावली असशील. कारण आज सकाळी तुझ्याच हाताने लिहिलेला मजकूर माझ्याकडे आला, ज्येष्ठ निवेदकांचे हृदयविकाराने निधन. पुढे कंस, अगदी नीटस, दोन्ही बाजूंनी बंद, त्यात सूचना की आवाज हळवा ठेवावा. तुला कंस घालता येतो तर, गाढवा!

मला तुझा राग येतोय आणि तुला पोटाशी धरून रडावंसंही वाटतंय. तू मुद्दाम काही केलं नाहीस हे मला माहीत आहे. पण नानांच्या बायकोला अजून प्रेत दिलेलं नाही. ती फाटकाबाहेर बसून आहे, आणि संध्याकाळी मी तिला सांगायचं की तुझा नवरा हृदयविकाराने गेला? माझ्या जिभेला हाड नसलं तरी लाज आहे.

म्हणून हे पत्र. आज सातच्या बातम्या मला एकटीला वाचायच्या आहेत, थेट प्रसारण. नानांना कुणी मारलं, कशाने मारलं आणि फाटकाशी काय झालं, ते सगळं मी सांगणार आहे. दार फोडून आत यायला त्यांना जेवढा वेळ लागेल तेवढ्यात बसेल एवढं मी पाठ केलंय. तुझं नाव घेणार नाही, नानांनी ते पोटात नेलंय, ते तिथेच राहू दे. मला अडवायला येऊ नकोस, तुझ्याने ते व्हायचं नाही. तुझ्या मंत्रालयाच्या गाडीला चौकीवर कुणी थांबवत नाही, तेव्हा वाचून झालं की लगेच निघ. बायकोला घे, आईला घे, सातच्या आत सीमा पार कर आणि थेट मावशीच्या घरी जा. माझ्यानंतर ते आपल्याच दारात येतील. आई रोज सातला माझा आवाज ऐकायला बसते, वाटेत गाडीतला रेडिओ लावायला सांगेल. लावू नकोस. सांग तिला, आज ताईला सुट्टी आहे.

तुझीच, तुझा कान अजून पिळायचा राहिलेली,
ताई