बामन डॉक्टरांचा रस्ता

बोळिंज, विरार (पश्चिम)
८ फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप प्रल्हाददादा यांच्या चरणी मेहुणा सदानंद याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठही अंगं जमिनीला लागत नाहीत. जी लागत नाहीत ती मनाने टेकवली आहेत असं समजावं.)

इकडे आम्ही उभयता ठीक. विनयाचा दमा थंडीबरोबर आला आणि थंडीबरोबरच गेला. तुमची पाठ कशी आहे? वैद्यांनी दिलेलं तेल लावता, की फळीवर ठेवून त्याच्याकडे नुसतं बघता? वहिनींना नमस्कार सांगावा आणि त्यांच्या भाजणीची आठवण काढतो हेही सांगावं. (हे विनयाने वाचल्यास दुसरं वाक्य तिच्या आईच्या भाजणीबद्दल आहे.)

बऱ्याच दिवसांत पत्र नाही, कारण मी सार्वजनिक कार्यात पडलो होतो. 'पडलो' हा शब्द विचार करून वापरला आहे. निवृत्तीनंतर सकाळी मी गास गावापर्यंत फिरायला जातो. तिथे बळीराम नावाचा शेतकरी बांधावरच भाजी विकतो. त्याच्या पाटीवर 'वांगि' असं लिहिलेलं असे. ऱ्हस्व वेलांटी पाहून मला त्या वांग्यांची चवही कमी लागू लागली. एक दिवस राहवलं नाही आणि खडू मागून मी ती दीर्घ केली. बळीराम हात जोडून म्हणाला, "काका, तुमच्यासारखा शिकलेला मानूस पायजेच होता." त्याच संध्याकाळी मी 'डॉक्टर स्मारक समिती'चा चिटणीस झालो. एका वेलांटीपायी माणूस कुठे जाऊन पोचतो पाहा.

हे स्मारक बळीरामची आई धोंडूबाई हिच्या हट्टापायी. गासच्या टोकाला एक जुनं आरोग्यधाम आहे. आता तिथे रोपवाटिका आहे, पण लांबलचक व्हरांडा अजून शाबूत आहे. पूर्वी मुंबईच्या गरीब गिरणीकामगारांना क्षय झाला की एक धर्मादाय संस्था त्यांना तिथे फुकट ठेवून घेई. खारा वारा, दूध, अंडी आणि विश्रांती, एवढंच औषध. आसपासच्या गावांतले रोगीही असत. धोंडूबाई बारा वर्षांची असताना रक्त ओकत तिथे गेली आणि दोन वर्षांनी चालत घरी आली. तिला वाचवणारा परदेशी डॉक्टर गावात 'बामन डाक्टर' म्हणून प्रसिद्ध. मरण्याआधी आरोग्यधामाच्या रस्त्याला त्याचं नाव लागलेलं तिला बघायचं होतं. "नाय लागला तर मी मरनार नाय," अशी धमकी तिने मुलाला दिली होती आणि सून त्यामुळे फार काळजीत होती.

आता, हे डॉक्टर होते कोण, यावर समितीत वाद. बर्नार्ड म्हणून आमचा एक सभासद आहे, बँडमध्ये कर्णा वाजवतो. (बोलतोही कर्ण्यातूनच.) तो म्हणाला, डॉक्टर कॅथलिक, कारण दावीद राजाची स्तोत्रं त्यांना पाठ होती. बळीराम म्हणाला, छे, ते मारुतीचे भक्त. शनिवार कडक पाळायचे, अगदी कोणी मरायला टेकलं असेल तरच तपासायला उठायचे. शिवाय डुकराच्या मटणाला हात लावत नसत. मग बर्नार्डने त्याच्या वडिलांकडून ऐकलेली हकिगत सांगितली. लढाईच्या काळात पोलीस डॉक्टरांना जर्मन म्हणून धरून घेऊन गेले, तेव्हा सगळा गाव वसईला मामलेदारांच्या दारात जाऊन बसला आणि म्हणाला, साहेब, हा जर्मन नाय, हा आमचा बामन! काही महिन्यांनी डॉक्टर सुटून आले. (सरकारने का सोडलं ते सरकारला ठाऊक. गासचं म्हणणं, मामलेदार टरकला.)

एवढा पुरावा समोर आल्यावर कोणीही सुशिक्षित माणूस जो निष्कर्ष काढील तोच मी काढला. इकडे पाण्याला पानी म्हणतात आणि कोणाला कोन. तेव्हा 'बामन' म्हणजे बामण, आणि शुद्ध लिहायचं तर ब्राह्मण. त्यातच आरोग्यधामाच्या पत्त्यावर हैफा नावाच्या गावाहून एक इंग्रजी पत्र आलं. डॉक्टरांची मुलगी हाना विचारत होती, आरोग्यधाम अजून उभं आहे का, मी बघायला येऊ का? वडिलांचं नाव तिने 'बाउमान' असं काहीसं लिहिलं होतं. मी समितीला समजावलं की इंग्रजीत ज्यांना ठाणे नीट लिहिता आलं नाही ते ब्राह्मण काय लिहिणार! मुलगी परदेशी दिली असावी. समितीने टाळ्या वाजवल्या. फलक रंगवायला पाठवला: 'ब्राह्मण डॉक्टर मार्ग'. अक्षरं मी शिडीखाली उभं राहून तपासली. एकही चूक नव्हती.

फलक समोर रस्त्यावर, समारंभ आरोग्यधामाच्या व्हरांड्यात. बाई आल्या. साठीच्या, उंच, पांढरे आखूड केस, पायात कॅनव्हासचे बूट. मी इंग्रजीत स्वागतपर भाषण पाठ केलं होतं. पहिलं वाक्य बरं गेलं. दुसऱ्यात मी 'विस्मरणीय' म्हणालो की 'अविस्मरणीय', यावर विनयाचा आणि माझा अजून मतभेद आहे. तिसरं वाक्य आलंच नाही, कारण बाईंनी हात वर केला आणि बळीरामच्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "ए पोरी, आदी पानी दे गो. घसा सुकला."

दादा, बर्नार्डच्या हातातून कर्णा पडला! बाई दोन वर्षांच्या असताना गासला आल्या आणि चौदाव्या वर्षी गेल्या. सगळं बालपण या व्हरांड्याच्या कडेला. पन्नास वर्षांपूर्वीची गासची बोली त्यांनी तशीच जपून ठेवली होती, आणि मी, शुद्ध मराठीचा कैवारी, बळीरामला हळूच विचारत होतो की त्या काय म्हणाल्या.

आता जे झालं ते मला विनोदाने सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगतो. धोंडूबाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, तोंडावर पदर दाबून. पुढे येईना. बळीराम म्हणाला, "आये, ये ना, तुजीच वाट बघतात." ती मान हलवून तिथेच. मग समजलं. डॉक्टरांनी फरशीवर चुन्याची रेघ मारलेली असायची. रोग्यांनी अलीकडे यायचं नाही, हानाने पलीकडे जायचं नाही. दोन्ही पोरी रेघेच्या दोन बाजूंना बसून दिवसभर गप्पा मारायच्या. चुना कधीच धुऊन गेला, पण धोंडूबाई बरोबर तिथेच थांबली होती जिथे तिला थांबायला शिकवलं होतं. "लांब ऱ्हा गो," ती पदराआडून म्हणाली, "बाबा वरडल."

हानाबाई तरातरा चालत गेल्या, तिचा पदर तोंडावरून बाजूला केला आणि तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. धोंडूबाईने डोळे गच्च मिटून घेतले होते. पोरी असताना दोघींनी एकमेकींना एकदाही हात लावला नव्हता. विनया रडली. बर्नार्ड रडला. मी चष्मा पुसला, कारण धूळ होती.

आणि लगेच भांडण सुरू! धोंडूबाईचे वडील माळकरी, म्हणून ही अंडं खात नसे. डॉक्टरांनी 'जर्मन बटाटा' म्हणून ते तिच्या ताटात वाढलं. हिने दोन दिवसांत ओळखलं आणि रोज ते घरंगळत रेघेपलीकडे पाठवू लागली. महिनाभरानंतर डॉक्टर वजनं करायला बसले तर रोगी सुकलेला आणि मुलगी फुगलेली. "तू हावरट, म्हनून मी मेली असती," धोंडूबाई. "तू फेकायचीस, मी काय झेलू नको?" हानाबाई. पुढे डॉक्टर रोज स्टूल घेऊन धोंडूबाईसमोर बसत आणि अंडं गिळेपर्यंत उठत नसत. शनिवारीसुद्धा. मारुती सोडून.

मारुतीचं तेव्हाच उलगडलं. बाईंनी सांगितलं, आम्ही ज्यू. एमिल बाउमान हे वडिलांचं नाव. व्हिएन्नातून जीव घेऊन पळाले, मुंबईत कोणी नोकरी देईना, या धर्मादाय संस्थेने खोली दिली, दूध दिलं आणि कोणी घ्यायला तयार नव्हतं असे रोगी दिले. ते ऐकताना मी फलकावरचा पडदा मनातल्या मनात खिळ्यांनी ठोकत होतो. पण बर्नार्डने तेवढ्यात दोरी ओढली.

बाईंनी एकेक अक्षर लावत फलक वाचला. मी पायातल्या चपलेचा अंगठा तपासला. त्या वाचून संपल्या आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "व्हिएन्नात बाबाला ज्यू म्हनून हाकलला. मुंबईत जर्मन म्हनून कोंडला. तुमी बामन म्हनून ठेवून घेतला. ऱ्हाऊ द्या तसाच."

पण धोंडूबाई ऐकेना. "हे ब्राह्मन कोन? मला नाय ठाव. आमचा बामन होता." दुसऱ्या दिवशी पेंटर पुन्हा शिडीवर चढला. आता फलकावर 'बामन डॉक्टर मार्ग' आहे. व्याकरणदृष्ट्या माझा विरोध मी तोंडी नोंदवला. धोंडूबाई रोज सकाळी फलकाखालून एक फेरी मारते आणि मरणाचं नाव काढत नाही. सूनबाई निश्चिंत आहेत.

तुमच्या पाठीला आराम पडो.

आपला,
सदानंद

ता. क. : गास सोडल्यावर डॉक्टरांनी एक वर्ष पाचगणीच्या आरोग्यधामात काम केलं होतं. हानाबाईंना तेही बघायचं आहे, आणि धोंडूबाई म्हणते, तिला एकटी कशी सोडू. पाचगणीला वाईवरूनच जावं लागतं आणि तिथे तुमच्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, हे बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं. तुमची हरकत असल्यास उलटटपाली कळवावं. चारच दिवसांचा प्रश्न आहे.

ता. क. २ (विनयाच्या हातचा) : दादा, हे पत्र आठवडाभर यांच्या कोटाच्या खिशात होतं. आज धुवायला काढताना सापडलं. त्या दोघी परवाच निघाल्या. चार दिवस नाही, महिनाभर. हे वाचत असशील तेव्हा तुझ्या ओटीवर बसून भांडतच असतील. मध्ये पडू नकोस. त्यांना फार आवडतं.